कामाचा भार कमी झाला, पण उमेद परत आली का? एका जिल्हा परिषद शाळेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

करवीर आणि राधानगरी तालुक्यांच्या सीमेलगतची ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. काळ २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाचा. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत, पट आणि काही तपशील बदलले आहेत.

इयत्ता पहिली ते पाचवी, पट १०४. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक मिळतात, आणि स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद पट दीडशेच्या पुढे गेल्यावरच. त्यामुळे चार शिक्षक, पाच वर्ग आणि मुख्याध्यापकपदाचा पदभार यांच्यापैकीच एकाकडे, अशी रचना होती. पहिली-दुसरी एकत्र बसत.

चौघांची ओळख थोडक्यात करून देणे भाग आहे, कारण पुढे प्रत्येकाची गोष्ट वेगळी वळण घेते. थोरले गुरुजी सेवाज्येष्ठ, तिसरीचा वर्ग, निवृत्तीला चार वर्षे. वाचन शिकवण्यात एकेकाळी तालुक्यात नाव होते. ज्येष्ठतेने पदभार त्यांच्याकडे यायला हवा होता, पण त्यांनी तो लेखी नाकारला. म्हणून तो त्यांच्या पाठच्या बाईंकडे आला. बाईंकडे पाचवी, म्हणजे त्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेचा वर्ग. चौथीचे सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, होते. त्यांची पत्नी चंदगड तालुक्यात शिक्षिका, म्हणजे संसार शंभर किलोमीटरच्या अंतरावर विभागलेला. आणि पहिली-दुसरीला शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरून नियुक्त झालेल्या, बीड जिल्ह्यातून आलेल्या नव्या बाई. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे दरमहा १६,००० रुपये मानधन.

प्रश्न काय होता

जुलैमधल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने विषय काढला: "गुर्जी शाळंत असत्यात, पर ध्यान सगळं मोबाईलात. पोरास्नी लिवाय लावायचं आन् आपुन बोटं फिरवत बसायचं." समितीतल्या दोघा-तिघांनी दुजोरा दिला. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची, असा ठराव येऊ घातला होता. मुख्याध्यापिकांनी महिन्याची मुदत मागून घेतली आणि परिसरातल्या शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना बोलावले.

केंद्रप्रमुखांनी आधी दप्तर पाहिले. शिक्षकांची हजेरी पूर्ण, टाचण (पाठाच्या तयारीची टिपणे) वेळेवर, पोषण आहाराचा साठा जुळलेला, चव नोंदवहीत रोजची सही. शेरेबुकात मागच्या दोन वर्षांत एकही वावगा शेरा नव्हता. मग ते वर्गांत जाऊन बसले. मुलांच्या वह्यांत बरोबरच्या खुणा होत्या, पण चूक कुठे झाली हे सांगणारा एकही शब्द नव्हता. तिसरीत एका मुलाने 'पंचगंगा' हा शब्द 'पचगगा' असा पाच वेळा लिहिला होता आणि पाचही वेळा त्यावर बरोबरची खूण होती. गोष्टींची पुस्तके पेटीत, पेटीला कुलूप. परिपाठात आठवड्यात तीन वेळा तीच बोधकथा.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. हे कामचुकारपणाचे प्रकरण नव्हते. काम होत होते, मन कामात नव्हते. विल्मार शॉफेली आणि आर्नोल्ड बाकर या संशोधकांनी कामातल्या गुंतवणुकीचे तीन घटक मांडले आहेत: उमेद, म्हणजे कामाला लागणारा जोम आणि अडचणीतही टिकून राहण्याची तयारी, समर्पण, म्हणजे हे काम मोलाचे आहे आणि ते माझे आहे ही भावना, आणि तल्लीनता, म्हणजे तास कधी संपला हे न कळणे. हे तिन्ही कमी असूनही माणूस वेळेवर येतो, वेळेवर जातो आणि दप्तर चोख ठेवतो. तपासणीत असा शिक्षक कधीच सापडत नाही.

या तीन घटकांवर आधारलेली युट्रेक्ट मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्या छोट्या आवृत्तीत नऊ विधाने असतात आणि 'कधीच नाही' ते 'रोज' असे शून्य ते सहा गुण. ती इथे वापरायची का, हा विचार झाला आणि सोडून देण्यात आला. हा निर्णय योग्यच होता. चार माणसांच्या शाळेत निनावी असे काही राहत नाही. वरिष्ठाने दिलेल्या कागदावर कोणीही सहाच लिहिणार. अशा मोजपट्ट्या मोठ्या गटाचा कल समजण्यासाठी असतात, एकेका शिक्षकाला गुण देण्यासाठी नव्हेत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कारणे दाखवा नोटिशीचा. पालकांचे समाधान झाले असते. पण नोटिशीने जे मिळवता येते, म्हणजे उपस्थिती आणि दप्तर, ते आधीच पूर्ण होते. नोटिशीनंतर मोबाईल टेबलाखाली गेला असता, एवढेच.

दुसरा पर्याय प्रेरणादायी व्याख्यानाचा किंवा आणखी एका प्रशिक्षणाचा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, याचा अभिमान इथल्या प्रत्येक शिक्षकाला मनापासून आहे. तो भाषणाने वाढवण्याची गरज नव्हती. शिवाय प्रशिक्षण म्हणजे वर्ग सोडून आणखी काही दिवस बाहेर.

तिसरे, गावाने एक कारण सुचवले: शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत नाहीत, म्हणून जीव लावत नाहीत. चारपैकी तिघे कोल्हापुरातून दुचाकीने येत, हे खरेच. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आले की वळसा घालून यावे लागे, त्याचा थकवाही खरा. पण शेजारच्या गावात राहणारे एकटे थोरले गुरुजीच होते, आणि सर्वांत विझलेला वर्ग त्यांचाच होता. कारण अंतराचे असते, तर उलट दिसायला हवे होते.

चौथा पर्याय मुख्याध्यापिकांनी मांडला: मोबाईलवर नेमके काय चालते, ते आधी मोजू. केंद्रप्रमुखांनी तो मान्य केला. या प्रकरणातला हा पहिला कळीचा निर्णय. तक्रारीचे उत्तर देण्याआधी तिचे कारण शोधायचे ठरले.

पहिला टप्पा: व्यत्ययांची वही

प्रत्येक वर्गाच्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली. रकाने चार: वेळ, कोणी थांबवले, कशासाठी, किती मिनिटे. तास चालू असताना शिकवणे थांबले की एक ओळ लिहायची. बारा कामाचे दिवस. वहीवर सही नाही, शेरा नाही, आणि ती वर पाठवली जाणार नाही हे मुख्याध्यापिकांनी आधीच सांगितले. हा शब्द दिला नसता, तर वही कोरी राहिली असती.

वर्गामागे दिवसाला पाच-सहा व्यत्यय निघाले. एकूण मिनिटे पाहिली तर फार नव्हती. त्रास मिनिटांचा नव्हता, तुटण्याचा होता. हातच्याची बेरीज मुलांच्या डोक्यात बसत असतानाच 'आधार आणि नावात तफावत असलेल्या मुलांची यादी दहा मिनिटांत' असा निरोप येई. पाच मिनिटांनी शिक्षक परत येई, पण तोवर वर्ग गेलेला असे. अशा तासात कोणी तल्लीन होऊच शकत नाही. हळूहळू शिक्षक तल्लीन होणे लागेल असे शिकवायचेच सोडतो आणि 'पान बावीस उतरवून काढा' यावर येतो, कारण ते कधीही थांबवता येते. पालकांना दिसलेला मोबाईल खराच होता. त्यात सरकारी काम चालू होते.

व्यत्ययांतले बहुतेक निरोप तीच माहिती वेगळ्या तक्त्यात मागणारे होते. यू-डायस प्लस आणि सरल ही शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी पोर्टले, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्ती, बँक खाते, जात प्रवर्ग. आणि 'निरंक असल्यास निरंक कळवावे', म्हणजे कळवण्यासारखे काही नसेल तर तसेही कळवा, हे वेगळेच.

यावर चार गोष्टी केल्या.

एक मूळ तक्ता तयार केला: जनरल रजिस्टर क्रमांक, रजिस्टरप्रमाणे नाव, आधारवरचे नाव, जन्मतारीख, पेन (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शिक्षण) क्रमांक, सरल क्रमांक, प्रवर्ग, खाते क्रमांक, पालकांचा मोबाईल. आधारवरचे नाव वेगळ्या रकान्यात ठेवणे महत्त्वाचे, कारण निम्मी फेरविचारणा तिथेच होते. कोणतीही मागणी आली की यातले रकाने उचलायचे.

माहितीच्या दोन वेळा ठरवल्या: परिपाठाआधीची पंधरा मिनिटे आणि साडेचार ते पाच. साडेचारनंतर सगळ्या वर्गांचा खेळ आणि कार्यानुभव एकत्र. तिघांनी मुले सांभाळायची, एकाने माहिती भरायची. बाकी वेळ फोन कार्यालयातल्या कपाटात, तातडीसाठी मुख्याध्यापिकांचा एकच फोन चालू. पोषण आहाराची नोंद मात्र जेवणाआधी मुले मोजूनच.

केंद्रप्रमुखांनी स्वतःचे निरोप तपासले. तालुक्याकडून आलेली मागणी तशीच पुढे ढकलण्याऐवजी, गेल्या वर्षीची माहिती केंद्रात आहे का हे ते आधी पाहू लागले. निरंक अहवाल मागणे बंद केले. कळवले नाही म्हणजे निरंक, असे धरले. दिवसाचे निरोप एकत्र करून दुपारी चारला पाठवू लागले. हे सगळे त्यांच्या अधिकारातले होते, त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

चौथी गोष्ट बीएलओच्या कामाची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देता येतात, म्हणून नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. पण मतदार यादीचे काम सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज स्कूल प्रकरणात डिसेंबर २००७ मध्येच सांगितले आहे. मुख्याध्यापिकांनी हा संदर्भ देऊन तहसील कार्यालयाला नम्र शब्दांत पत्र दिले. लेखी उत्तर आले नाही. पर्यवेक्षकांनी बैठका शनिवारी दुपारी घेणे सुरू केले. विधानसभा निवडणूक तोंडावर असताना एवढेही थोडे नव्हते.

*काय बिघडले*

माहिती भरायची पाळी आठवड्याने फिरणार होती. दुसऱ्याच आठवड्यात ती थोरल्या गुरुजींकडे आली आणि तक्ता पुढे सरकेना. तिसऱ्या आठवड्यात "बाई, तुम्हाला कॉम्प्युटर येतो" म्हणत सगळे नव्या बाईंच्या गळ्यात पडले. महिन्याभरात त्या संध्याकाळी सहापर्यंत शाळेत दिसू लागल्या. सर्वांत कमी पगार, सर्वांत अवघड जोडवर्ग आणि आता सगळी माहिती. अनेक शाळांत नेमके हेच होते, आणि नवे शिक्षक लवकर कोमेजतात ते बऱ्याचदा यामुळेच.

मुख्याध्यापिकांच्या लक्षात हे वेळेत आले. पाळी मोडून त्यांनी अदलाबदल ठरवली: तक्ता नव्या बाईंकडेच, पण त्या बदल्यात परिपाठ, जेवणाची देखरेख, चव नोंदवही आणि रोज दुपारचा एक तास दुसरीच्या मुलांचे वाचन हे थोरल्या गुरुजींकडे. तिसरीला त्या तासात स्वाध्याय. त्या वेळी ही केवळ कामाची वाटणी होती. पुढे यातूनच सगळ्यात जास्त निघाले.

ऑक्टोबरमधला पेच

दिवाळीच्या सुट्टीआधी केंद्रप्रमुख पुन्हा आले. वहीत व्यत्यय दिवसाला एक-दोनवर आले होते. चिडचिड कमी झाली होती, शिक्षकखोलीत बोलणे-हसणे ऐकू येत होते. पण वर्गात गेल्यावर तेच दृश्य. पुस्तकांची पेटी अजून कुलपात होती. मोकळा झालेला वेळ भरला गेला नव्हता.

इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबायला हवे. शॉफेली, बाकर, डेमेरूती आणि नाखरायनर यांनी २००१ मध्ये मांडलेली चौकट सांगते की कामाच्या मागण्या आणि कामाला मिळणारे आधार यांचे परिणाम दोन वेगळ्या वाटांनी होतात. अवाजवी मागण्या माणसाला थकवतात. त्या कमी केल्या की थकवा कमी होतो. गुंतवणूक मात्र आधारांतून येते: स्वतः ठरवण्याची मुभा, कामाबद्दल नेमका अभिप्राय, सहकाऱ्यांची सोबत, शिकण्याची संधी, आणि आपल्या कामाचा उपयोग डोळ्यांना दिसणे. ओझे उतरवले म्हणजे माणूस आपोआप धावू लागत नाही. या शाळेत तीन महिने फक्त ओझे उतरवण्यात गेले होते.

केंद्रप्रमुखांपुढे दोन वाटा होत्या. केंद्रातल्या शाळांची वाचन स्पर्धा लावून बक्षीस द्यायचे, किंवा आधार वाढवायचे. स्पर्धेची तयारीही झाली होती. मुख्याध्यापिकांनी विरोध केला: स्पर्धेसाठी चार चांगली वाचणारी मुले तयार होतील आणि न वाचणारी मागेच राहतील. स्पर्धा रद्द झाली. हा दुसरा कळीचा निर्णय.

दुसरा टप्पा: आधार

पहिला बदल केंद्रप्रमुखांच्या भेटीत झाला. आधी भेट म्हणजे दप्तर, स्वच्छता, टाचण आणि शेरा. आता पहिला अर्धा तास एका वर्गात मागे बसायचे, काहीही न लिहिता. नंतर त्या शिक्षकाशी एकाच मुलाबद्दल बोलायचे. दप्तर शेवटी. शेरेबुकात 'अध्यापन समाधानकारक' हा शिक्का बंद करून जे पाहिले तेच एका वाक्यात लिहायचे. थोरल्या गुरुजींसाठी पहिला असा शेरा होता: 'अनुस्वार गाळणाऱ्या दोन मुलांना स्वतःच्या नाकावर बोट ठेवून शब्द म्हणायला लावला, नाकाला कंप जाणवल्यावर दोघांनी टिंब स्वतःहून दिले.' गुरुजींनी तो शेरा मुख्याध्यापिकांना वाचून दाखवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या शिकवण्याचे वर्णन शेरेबुकात प्रथमच आले होते.

दुसरा बदल निवडीचा. प्रत्येकाने आपल्या वर्गासाठी एकच गोष्ट निवडायची, ती कशी करायची हे स्वतः ठरवायचे आणि वर्षअखेरपर्यंत कोणी त्यात हात घालायचा नाही. समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेच्या निकषाप्रमाणे १०१ ते २५० पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान ५०,००० रुपये. समितीच्या ठरावाने त्यातून प्रत्येक वर्गाला २,००० रुपये शिक्षकाच्या पसंतीच्या साहित्यासाठी राखले. रक्कम लहान होती, पण काय आणायचे हे कोणाला विचारायचे नव्हते. एक खबरदारी घेतली: पावत्या आणि साठा नोंद त्याच आठवड्यात करायची, नाहीतर मार्चमध्ये लेखापरीक्षणाच्या धास्तीने पुढच्या वर्षी कोणी पैशाला हात लावत नाही.

तिसरा बदल ठरवून झाला नाही. दुपारच्या तासाला थोरले गुरुजी दुसरीला वाचन घेत, त्याच खोलीत नव्या बाई पहिलीला शिकवत. त्या ऐकत होत्या. काही दिवसांनी त्यांनी विचारले, "गुरुजी, तुम्ही जोडाक्षर आधी फोडून का दाखवत नाही?" गुरुजी म्हणाले, "आधी तोंडात बसू दे, मग फळ्यावर." तिथून दोघांची रोज दहा मिनिटे चर्चा सुरू झाली. कोणत्याही परिपत्रकाने हे घडले नसते. मात्र वेळापत्रकाने दोघांना एका खोलीत आणले नसते, तरीही घडले नसते.

मग नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झाला. गावाच्या शिवारात ऊसतोड टोळी उतरली, बहुतेक बीडकडची. नव्या बाई स्वतःहून त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, गेल्या. त्यांच्या तोंडची बोली ऐकून आयाबाया मोकळ्या झाल्या. स्थलांतरित मुलांना नव्या गावी शाळेत घेण्यासाठी दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड दोघांकडेच होते, तरी ११ मुले शाळेत आली, त्यांतली सात पहिली-दुसरीत. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, म्हणून या मुलांमुळे शिक्षक वाढणार नव्हता. काम मात्र वाढले: तात्पुरती नोंद, मूळ शाळेशी संपर्क, आणि मुलामागे १०० ग्रॅम धरून रोज १ किलो १०० ग्रॅम जादा तांदळाचा हिशेब.

बाईंचा भार आता वर्षातला सर्वांत जास्त होता, आणि त्यांचा वर्ग वर्षातला सर्वांत जिवंत. आपल्याच मुलुखातली लेकरे कोयता हातात घ्यायच्या आधी वाचायला शिकावीत, हे त्यांना स्वतःचे काम वाटत होते. काम वाढले की उमेद घटते, असा सरसकट नियम म्हणूनच लावता येत नाही. ज्या कामाचा अर्थ लागतो आणि जे आपल्या हाताने पुढे सरकताना दिसते, ते दमवते तरी विझवत नाही. तीच माहिती चौथ्यांदा भरणे विझवते. मुख्याध्यापिकांनी हे ओळखून हंगाम संपेपर्यंत तक्त्याचे काम बाईंकडून काढून स्वतःकडे घेतले.

याच सुमारास अपार आयडीची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला आधारशी जोडलेला शैक्षणिक ओळख क्रमांक देण्याची, मोहीम आली. पालकांची संमतिपत्रे, आधारशी नाव जुळवणे, न जुळल्यास पालकांना आधार केंद्रावर धाडणे. पंधरा-वीस दिवस माहितीच्या ठरलेल्या वेळा पार कोलमडल्या. मूळ तक्त्यात आधारवरचे नाव आधीच वेगळे असल्याने काम इतर शाळांपेक्षा लवकर उरकले, आणि मोहीम संपताच जुने वेळापत्रक पुन्हा लागू केले. ही घडी परत बसवण्याची तारीख मुख्याध्यापिकांनी आधीच फळ्यावर लिहून ठेवली होती. ती लिहिली नसती, तर 'तात्पुरते' म्हणून सुटलेले वेळापत्रक जूनपर्यंत परत आले नसते.

परिणाम

तिसरीतल्या १९ मुलांपैकी जुलैमध्ये सातांना सोपा उतारा वाचता येत नव्हता. मार्चअखेर असे दोघे उरले. एवढ्या लहान वर्गात याचे सगळे श्रेय या बदलांना देणे बरोबर नाही, काही मुले त्या वयात आपोआपही पुढे सरकतात. ऊसतोड कामगारांच्या ११ मुलांपैकी आठ पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टिकली. पेटीचे कुलूप निघाले, पुस्तके दोरीवर टांगली गेली, पावसाळ्यात ओल धरणार म्हणून जूनमध्ये ती पुन्हा आत घ्यावी लागणार होती. पालकांची तक्रार समितीत पुन्हा आली नाही.

थोरल्या गुरुजींनी केंद्रातल्या शिक्षकांच्या फेब्रुवारीच्या शिक्षण परिषदेत अनुस्वार आणि जोडाक्षरांवर पाऊण तासाचा नमुना पाठ घेतला. पदभार घ्यायला मात्र त्यांनी दुसऱ्यांदाही नकार दिला. तो त्यांचा हक्क होता. शिकवण्यात जीव ओतणारा माणूस कारभारातही ओतेल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

बीएलओ सरांवर यातले काहीच चालले नाही. २० नोव्हेंबरचे मतदान झाले, त्यांचा भार उतरला, केंद्रप्रमुख वर्गात बसले, २,००० रुपयेही मिळाले. सर सौजन्याने सगळे करत राहिले आणि शनिवारी दुपारी चंदगडची वाट धरत राहिले. त्यांची उमेद शाळेच्या हातात नव्हतीच. जिल्हांतर्गत बदलीच्या धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणासाठी संवर्ग दोन आहे, ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराची अट ते सहज पूर्ण करत होते; फक्त बदल्यांची फेरी लांबत होती. फेरी झाल्यावर ते गेले. चौथीचा वर्ग पुढे अडीच महिने जोडवर्ग म्हणून चालवावा लागला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव मुख्याध्यापिकांच्या बाबतीत राहिली. तिघांवरचा भार हलका करताना उरलेले प्रत्येक काम त्यांच्याकडे आले: तातडीचा एकमेव फोन, हंगामातला तक्ता, तहसीलचा पत्रव्यवहार, अनुदानाच्या पावत्या, आणि वर पाचवीची शिष्यवृत्तीची तयारी. फेब्रुवारीत परीक्षा झाली आणि त्यानंतर त्यांच्या वर्गात तेच दिसू लागले जे जुलैमध्ये तिसरीत दिसले होते. त्यांची व्यत्ययांची वही कुठे ठेवली आहे, हेही कोणी विचारले नाही. केंद्रप्रमुखांनी चौघांच्या वर्गांत बसायला हवे होते. ते तिघांच्याच वर्गांत बसले. पदभार सांभाळणाऱ्या शिक्षकाचा वर्ग ठरावीक तासांपुरता दुसऱ्याने घ्यायचा, ही सोय ऑगस्टमध्येच वेळापत्रकात करता आली असती. थोरल्या गुरुजींनी पदभार नाकारला होता, पाचवीचे दोन तास घ्यायला त्यांनी नकार दिला नसता. त्यांना विचारलेच गेले नाही.

दुसरे, ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ नुसता भार कमी करण्यात गेला. केंद्रप्रमुखांची अर्ध्या तासाची वर्गभेट आणि निवडीची मुभा यांना पैसा लागत नव्हता, भार कमी होण्याची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. दोन्ही एकत्र सुरू केले असते, तर एक सत्र वाचले असते.

तिसरे, सरांशी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलता आले असते. बदली होईपर्यंत तुमच्याकडून एवढीच अपेक्षा, आणि जाताना वर्गाची नीट सोपवणी, असा करार झाला असता तर त्यांच्या मनावरचा ताण आणि नंतरचे अडीच महिन्यांचे हाल दोन्ही कमी झाले असते. गेल्यावर त्यांच्या वर्गातल्या कोणत्या मुलाला भागाकार येत नाही, हे कागदावर कुठेच नव्हते.

आता शाळेपुढे नवा ताण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. थोरले गुरुजी त्यातून सुटतात, मुख्याध्यापिका सुटत नाहीत. दुपारच्या जेवणानंतरच्या वीस मिनिटांत नव्या बाई त्यांना बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवून दाखवतात, आणि तेवढा वेळ तातडीचा फोन गुरुजींच्या खिशात असतो.